एदेन बागेतला साप म्हणजे सैतान का?

हव्वेला, म्हणजे देवाने घडवलेल्या पहिल्या स्त्रीला, मना केलेलं फळ खायला लावणारा साप म्हणजे रूप पालटून आलेला सैतानच, असं सर्रास सांगितलं जातं. पण बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून बघा. सैतानाचं तिथे नावही नाही. साप हा देवानेच घडवलेला, रानातल्या सगळ्या प्राण्यांहून धूर्त असा एक प्राणी. शिक्षाही त्याला साजेशीच: पोटाने सरपटायचं, जन्मभर माती खायची.

सैतान भेटतो तो बायबलमधल्याच ‘ईयोब’ या पुस्तकात, आणि तिथेही तो नरकाचा राजा नाही. देवाच्या दरबारात तो हजर होतो, ईयोब नावाच्या देवभक्त माणसाच्या निष्ठेवर शंका घेतो आणि देव परवानगी देतो तेवढंच करतो. ही मर्यादा फार महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच सांगायची राहून जाते.

साप आणि सैतान यांची सांगड नंतरची. बायबलचं शेवटचं पुस्तक ‘प्रकटीकरण’, त्याच्या १२व्या अध्यायात ‘जुना साप’ म्हणजेच सैतान, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.