धामण म्हशीचं दूध पीत नाही

"म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते." करवीर-पन्हाळ्याकडच्या गोठ्यांत हे अजून छातीठोकपणे सांगतात. म्हैस आटली की दोष धामणीचा!

सापाला गाल नाहीत, मांसल ओठ नाहीत, चोखणार कसा? दुभंगलेली जीभ वास घ्यायला. दात आत वळलेले, टोकदार. ते सडात रुतल्यावर म्हैस गप्प उभी राहील? धार काढताना नख लागलं तरी लाथ बसते. नागपंचमीचा साप दूध पितो, कारण त्या बिचाऱ्याला आधी तहानलेला ठेवतात.

मग धामण गोठ्यात येते कशाला? उंदरांसाठी. पेंडीच्या पोत्यामागे, वैरणीच्या गंजीखाली उंदीर. त्यांच्या मागावर धामण. दूध घटलं तर रात्री रेडकू सुटलं होतं का बघा, कास कडक लागते का चाचपा. दगडी, म्हणजे कासेचा दाह असेल तर डॉक्टरांना बोलवा.

धामण बिनविषारी, शेपटीतही विष नाही. फडात उंदीर उसाच्या कांड्या कुरतडतात, बांध पोखरतात. त्यांच्यावर ही फुकटची राखण. बांधावरची झुडपं पेटवून आपणच तिचा आसरा मोडतो आणि मग उंदराचं औषध विकत आणतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला मारणं गुन्हा आहे.