‘साहस’ म्हणजे नेमके काय? अमूर्त शब्दाच्या अर्थशोधाची पार्श्वभूमी

‘घागर’ या शब्दाचा अर्थ कुणी विचारला तर घागर समोर ठेवता येते. ‘साहस’ असे समोर ठेवता येत नाही. दाखवता येते ते फार तर एखादे कृत्य, आणि त्याला साहस म्हणायचे की अविचार, यावर दोन माणसांचे एकमत होईलच असे नाही. अमूर्त शब्दाचा अर्थ शोधणे अवघड होते ते इथे. म्हणूनच अभ्यासक व्युत्पत्ती, कोश, जुने ग्रंथ, न्यायव्यवहाराची भाषा, सुभाषिते आणि चालू वापर अशी निरनिराळी साधने शेजारी मांडून पाहतो. ही साधने वेगवेगळ्या काळात तयार झाली आणि प्रत्येकाच्या मर्यादा वापरातूनच लक्षात येत गेल्या.

भारतीय परंपरेत या शोधाचा जुना आणि पद्धतशीर आविष्कार यास्कांच्या निरुक्तात दिसतो. ‘निघंटु’ या वैदिक शब्दसंग्रहाला धरून लिहिलेला हा ग्रंथ शब्दाला त्याच्या धातूपर्यंत मागे नेतो. सर्व नामे धातूंपासूनच झाली आहेत हे शाकटायनांचे मत त्यात आहे, आणि सगळीच नामे तशी नसतात हा गार्ग्यांचा आक्षेपही आहे. यास्क पहिल्या मताचे होते, तरी निर्वचन, म्हणजे शब्दाची फोड करून त्याचा अर्थ उलगडणे, करताना अर्थाला प्राधान्य द्यावे, असे त्यांनी सांगून ठेवले. व्युत्पत्ती किती दूरवर नेऊ शकते आणि कुठे सोडून देते, हे ‘साहस’ या शब्दावरूनच कळते. त्याच्या मुळाशी ‘सहस्’ म्हणजे बळ, जोर हा शब्द आहे. याच मुळापासून आलेला ‘सहसा’ संस्कृतात ‘जोराने’, ‘एकाएकी’ असा अर्थ देतो. मराठीत मात्र आपण तो ‘बहुधा’, ‘शक्यतो’ अशा अर्थाने वापरतो. केवळ मूळ ठाऊक असलेल्या कुणालाही या दुसऱ्या अर्थापर्यंतची वाट आधी सांगता आली नसती.

अर्थाचा खरा आधार लोकांचा वापर आहे, हे पतंजलींनी पाणिनीच्या व्याकरणावरील महाभाष्याच्या आरंभीच एका साध्या दृष्टान्ताने मांडले. ज्याला घट हवा तो कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट कर, मला काम आहे’ असे सांगतो. पण शब्द वापरायचे आहेत म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द कर’ असे कुणी सांगत नाही. शब्द आणि त्यांचे अर्थ व्याकरणाच्या आधीपासून लोकांत असतात. अर्थ शोधणाऱ्याने शेवटी लोकांकडेच वळायचे असते, हे इतक्या जुन्या काळी इतक्या स्वच्छपणे लिहिले गेले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पुढे न्यायपरंपरेत, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या परंपरेत, अर्थज्ञानाची आठ साधने एकाच श्लोकात गोवली गेली. विश्वनाथ पंचानन यांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत आलेला हा श्लोक व्याकरण, उपमान (साम्य), कोश, आप्तवाक्य (विश्वासू माणसाचे सांगणे), व्यवहार, वाक्यशेष (पुढच्या वाक्यातील वर्णन), विवृती (स्पष्टीकरण) आणि ज्ञात शब्दाचे सान्निध्य ही साधने मोजतो. त्यांची परंपरागत उदाहरणे मुळातून पाहण्याजोगी आहेत. ‘यव’ म्हणजे कोणते धान्य, हा वाद पुढच्या वाक्यातील वर्णनावरून सुटतो: इतर वनस्पती कोमेजतात तेव्हाही जे टवटवीत उभे राहते ते यव, म्हणजे सातू. आंब्याच्या झाडावर ‘पिक’ गोड आवाज काढतो, असे वाचले की शेजारच्या ओळखीच्या शब्दांवरून पिक म्हणजे कोकीळ हे उमगते. थोरांपैकी एकाने ‘गाय आण’ म्हटले, दुसऱ्याने ती आणली, आणि हे पाहणारे मूल अर्थ शिकले, ही व्यवहाराची रीत. लक्षात घेण्याजोगे हे की ही उदाहरणे धान्य, पक्षी, जनावर अशा दाखवता येणाऱ्या गोष्टींची आहेत. अमूर्त शब्दाच्या बाबतीत बोट दाखवण्याची सोय नसल्यामुळे वाक्यशेष आणि सान्निध्य यांच्यावरच सर्वाधिक भार पडतो.

‘साहस’ या शब्दाला ही कसोटी लावली की काय हाती लागते ते पाहू. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांत, साहस हे एक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धन्यासमक्ष बळजबरीने केलेले कृत्य ते साहस, आणि त्याच्या नकळत केले तर ती चोरी, असा भेद केला आहे. मनूने दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव दिले आहे: प्रथम साहस २५० पणांचे (पण हे जुने नाणे), मध्यम ५०० पणांचे आणि उत्तम १००० पणांचे. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात तर ‘साहस’ हा शब्द ‘दम’ आणि ‘दंड’ या शिक्षावाचक शब्दांच्या पंक्तीला बसला आहे. म्हणजे एकच शब्द गुन्ह्यालाही लागू होता आणि त्याच्या शिक्षेलाही. इथेच थांबणारा वाचक असे म्हणेल की शब्द पूर्वी निंदेचा होता आणि पुढे स्तुतीचा झाला. पण उद्यम, साहस, धैर्य, बुद्धी, शक्ती आणि पराक्रम यांना एका माळेत ओवणारे प्रसिद्ध संस्कृत सुभाषित आहे, आणि विक्रमादित्याला ‘साहसांक’ म्हणण्याची परंपराही आहे. निंदा आणि स्तुती या दोन्ही छटा शेजारी शेजारी वाहत होत्या. कोणती छटा दिसेल ते आपण स्मृतिग्रंथ उघडतो की सुभाषितसंग्रह, यावर ठरत होते.

अशा पुराव्यांचा मोठ्या प्रमाणावर संग्रह करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात युरोपात रुजली. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या इंग्रजी कोशात अवतरणे दिली होतीच. १८५७ मध्ये इंग्रज धर्मगुरू आणि भाषाभ्यासक ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेपुढे तत्कालीन कोशांच्या उणिवा मांडल्या आणि शब्दाचा सगळा इतिहास नोंदवणारा ऑक्सफर्ड कोश त्यातून पुढे आकाराला येऊन १९२८ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी स्वयंसेवक वाचकांनी लक्षावधी चिठ्ठ्यांवर वाक्ये उतरवून पाठवली होती. त्याच १८५७ साली मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली, आणि १९३२ पासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने अर्थाबरोबर मराठी ग्रंथांतील अवतरणे दिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाने हाच मार्ग धरला. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांमधून तिथे जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या.

१९५७ मध्ये इंग्रज भाषाशास्त्रज्ञ फर्थ यांनी शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, असे म्हटले. वाक्यसंचयांच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुराच्या मोठ्या संग्रहांच्या, आणि संगणकाच्या मदतीने ते सोबती आज मोजताही येतात. न्यायपरंपरेतील ‘सान्निध्य’ याच्या फार जवळचे आहे, एवढा फरक ठेवून की तिथे एका वाक्यातला शेजार पुरेसा होता आणि इथे हजारो वाक्यांतला शेजार एकत्र पाहिला जातो. आजच्या मराठीत ‘साहस’च्या आजूबाजूला कथा, वीर, खेळ, मोहीम असे शब्द दिसतात, ‘असले साहस करू नकोस’ या बजावणीत मात्र स्मृतिकाळातली जुनी छटा अजून ऐकू येते, आणि निंदा निःसंदिग्ध करायची असेल तेव्हा आपण शब्दाआधी ‘दुः’ जोडून ‘दुःसाहस’ म्हणतो.