सौर वर्णपटाचे अवकाशातील मापन

सूर्याचे प्रारण तरंगलांबीनुसार कसे विभागलेले आहे, हे वातावरणाबाहेर नेलेल्या उपकरणांनी मोजणे. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर इंदूरला मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. तरीही सुमारे २९० नॅनोमीटरहून आखूड जंबुपार (अतिनील) किरण ओझोनमुळे जमिनीपर्यंत पोचत नाहीत, आणि अवरक्ताचे कित्येक पट्टे बाष्प गिळून टाकते. या आखूड किरणांचा पहिला वर्णपट १० ऑक्टोबर १९४६ रोजी व्ही-२ अग्निबाणातून मिळाला.

खरी अडचण वर पोचल्यानंतरची आहे. प्रखर जंबुपार किरणांखाली आरशांवर व लोलकांवर अशुद्धींचा थर बसतो आणि उपकरण हळूहळू मंद होते. घट सूर्याची की काचेची, हे ओळखण्यासाठी एकाच जातीच्या दोन वाहिन्या (प्रकाश मोजणारे स्वतंत्र मार्ग) ठेवून एक क्वचितच उघडतात. २००३ साली सोडलेल्या ‘सोर्स’ उपग्रहावर अशी सोय होती. त्याच्या २००४–०७ च्या नोंदींत जंबुपार प्रारण गणिती प्रतिमानांच्या अंदाजाच्या चौपट ते सहापट घटलेले दिसले. दृश्य प्रारण मात्र सूर्याची सक्रियता ओसरत असताना वाढलेले. काही अभ्यासकांनी ते खरे मानून हवामानावरील परिणामही काढले. उपकरणाच्या झिजेसाठी नोंदींत केलेली दुरुस्ती अपुरी पडली असावी, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये अवकाश स्थानकाकडे पाठवलेल्या ‘टीसिस-१’ मधील वर्णपटमापीला (२००–२४०० नॅनोमीटर) म्हणूनच तीन वाहिन्या दिल्या. एकूण प्रारणाचे मूल्यही प्रति चौरस मीटर सुमारे १३६६ वॉटवरून १३६१ वर आले. जुन्या मापकांत शिरणारा विखुरलेला प्रकाश हे त्याचे मुख्य कारण मानतात.

उड्डाणापूर्वीच्या अंशांकनासाठी (उपकरणाची मोजणी ज्ञात प्रकाशाशी ताडून घेण्यासाठी) सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे चुंबकांनी वलयात फिरवलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा, प्रकाश उपयोगी पडतो, कारण इलेक्ट्रॉनांची ऊर्जा, प्रवाह व चुंबकीय क्षेत्र माहीत असले की त्याची तीव्रता गणिताने काढता येते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अशी दोन वलये आहेत : इंडस-१ (४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि इंडस-२ (२·५ अब्ज). राजेंद्रनगरच्या मराठी वस्तीला हे केंद्र शेजारचेच. इंडस-१ वर मृदू क्ष-किरणांसाठीच्या आरशांची परावर्तनक्षमता मोजतात.

भारतीय उपकरणांचा भर क्ष-किरणांवर आहे. चांद्रयान-२ वरील सौर क्ष-किरण मापक (१ ते १५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) दर सेकंदाला एक वर्णपट नोंदवतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ या सौर वेधयानावर दोन क्ष-किरण वर्णपटमापी आहेत. त्यावरील पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ‘सूट’ दुर्बीण २००–४०० नॅनोमीटर पट्ट्यात गाळण्यांतून (ठरावीक तरंगलांबीच सोडणाऱ्या फिल्टरांतून) सूर्याच्या प्रतिमा घेते. सलग वर्णपट देत नाही.