ॲलेलोपॅथी व तणनियंत्रण

ॲलेलोपॅथी व तणनियंत्रण : वनस्पतीने मुळे, पाने किंवा कुजणारे अवशेष यांवाटे बाहेर टाकलेल्या रसायनांचा शेजारच्या वनस्पतींच्या उगवणीवर व वाढीवर होणारा परिणाम, आणि शाश्वत शेतीत तणे आटोक्यात ठेवण्यासाठी त्याचा केला जाणारा उपयोग. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ही संज्ञा रूढ केली. त्यांना उपकारक व अपकारक असे दोन्ही परिणाम अभिप्रेत होते. तणशास्त्रात बहुधा अपकारक परिणामच विचारात घेतात.

हरभरा जमिनीचा कस घालवतो आणि गोखरूसारख्या तणांचा नाश करतो, अशी नोंद ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस याने इ. स. पू. ३०० च्या सुमारास केलेली आढळते. हीच ॲलेलोपॅथीची पहिली नोंद असे पुष्कळदा म्हटले जाते; परंतु पाणी व अन्नद्रव्ये यांसाठीच्या चढाओढीनेही तणे मरत असल्याने हे मत सावधपणेच स्वीकारावे लागते.

रसायन की चढाओढ, हा या विषयातील मूळ वाद आहे. कॅलिफोर्नियातील साल्व्हिया या सुगंधी पानांच्या झुडपांभोवती गवत उगवत नाही, असे उघडे पट्टे दिसतात. सी. एच. म्यूलर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये त्यांचे कारण पानांतून उडून जाणाऱ्या टर्पीन द्रव्यांत शोधले. पुढे १९७० मध्ये बार्थोलोम्यू यांनी पट्ट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवले, तेव्हा आतल्या जागेत गवत वाढले. झुडपांच्या आडोशाने वावरणारे उंदीर, ससे व पक्षी ते खाऊन टाकत होते. काचपात्रात बी उगवू न देणारा अर्क शेतातही तेच करील असे गृहीत धरता येत नाही, हा धडा यातून मिळाला. रसायन मातीत पुरेशा प्रमाणात पोहोचते व टिकते हे दाखवल्यावाचून दावा मान्य न करणाऱ्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. मातीत सक्रिय कोळसा मिसळून रसायन शोषून घेण्याची रूढ चाचणीही निर्णायक नाही, कारण कोळशामुळे अन्नद्रव्यांची उपलब्धताही बदलते.

या कसोटीला उतरणाऱ्या उदाहरणांत ज्वारी अग्रभागी आहे. ज्वारीच्या कोवळ्या मुळांवरील मूलरोमांच्या टोकांशी पिवळसर तेलकट थेंब दिसतात. त्यांतील प्रमुख घटक सॉर्गोलिओन हा होय. तो प्रकाशसंश्लेषणाच्या दुसऱ्या प्रकाशयंत्रणेतील (प्रकाशाची ऊर्जा पकडणाऱ्या प्रथिनसमूहातील) इलेक्ट्रॉन-वहन रोखतो. पाण्यात फारसा विरघळत नसल्याने तो मुळांच्या आसपासच राहतो, आणि लहान बियांच्या तणांची कोवळी रोपे त्याला अधिक बळी पडतात.

राय या धान्याच्या आच्छादनात (कापून जमिनीवर पसरलेल्या पेंढ्यात) बेंझॉक्साझिनॉइड गटातील, तणांची वाढ रोखणारी द्रव्ये असतात. आच्छादनासाठी ते कापण्याची वेळ ठरवणे अवघड असते : कोवळ्या रोपांत या द्रव्यांचे प्रमाण जास्त, पण पेंढा कमी, पीक पक्व झाल्यावर पेंढा भरपूर, पण द्रव्ये कमी. शिवाय आच्छादन प्रकाश अडवते व जमिनीचे तापमान बदलते, म्हणून तणांतील सगळी घट रसायनांच्या खाती मांडणे योग्य नाही. परिणाम काही आठवडेच टिकतो. खोल पेरलेले मोठ्या बियांचे पीक त्यातून बहुधा सुटते. मोहरीवर्गीय पिके चिरडून जमिनीत गाडल्यास त्यांतील ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त द्रव्यांपासून आयसोथायोसायनेट ही तिखट द्रव्ये वायुरूपात सुटतात व उगवण रोखतात.

रासायनिक उद्योगानेही या द्रव्यांतून आदर्श घेतले. बॉटलब्रश झुडपाखाली तणे विरळ असतात, या १९७७ च्या निरीक्षणातून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य पुढे आले आणि त्याच्या रचनेच्या आधारे मेसोट्रायोन हे मक्यातील तणनाशक तयार झाले. मेसोट्रायोन मात्र कृत्रिम असल्यामुळे सेंद्रिय शेतीत चालत नाही. उलटपक्षी, नैसर्गिक द्रव्य निर्धोकच असते असेही नाही : गाजरगवतातील पार्थेनिन इतर रोपांची वाढ रोखते, तसेच माणसाच्या त्वचेला दाहही करते. काही पिके स्वतःच्याच द्रव्यांनी बाधित होतात. जुने लसूणघास मोडून त्याच शेतात ते लगेच पुन्हा पेरल्यास नवी रोपे नीट रुजत नाहीत, म्हणून मध्ये दुसरे पीक घ्यावे लागते.