"माझ्याच्याने होत नाही" हे बोलायला कुठे सुरुवात झाली

हल्ली जो तो सांगतो व्हल्नरेबल व्हा, मन मोकळं करा, कमजोरी लपवू नका, रील्सवर तर रोजच, आणि ऐकून वाटतं की हे कुणीतरी मागच्या पाचदहा वर्षांत शोधून काढलंय. पण याचं एक जुनं मूळ चक्क दारूच्या गुत्त्यात आहे.

१८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायचं ठरवलं. तोपर्यंत दारूबंदीवाले म्हणजे न पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांना दिलेलं लेक्चर. हे सहा जण मात्र लोकांसमोर उभे राहून स्वतःचीच कहाणी सांगायला लागले, कसे प्यायलो, काय काय घालवलं. वॉशिंग्टोनियन चळवळ म्हणतात तिला. जोरात वाढली, १८४२ मध्ये स्प्रिंगफील्डला लिंकननेही त्यांच्यापुढे भाषण केलं, आणि मग कायदा, राजकारण, आपसातले वाद यात काही वर्षांतच विरून गेली.

पुढची गोष्ट १९३४ची. बिल विल्सन, न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस, दारूपायी पार धुतला गेलेला. डिसेंबरात हॉस्पिटलमध्ये त्याची दारू सुटली आणि गडी उत्साहात दुसऱ्या बेवड्यांना सुधारायला निघाला. चारपाच महिने प्रवचन झोडलं, एकही सुधारला नाही! पण बायकोनं एक गोष्ट लक्षात आणून दिली, बाकीचे पीत असतील, तू तर नाही ना प्यायलास.

मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामाला ओहायोतल्या अॅक्रनला गेला, काम फिसकटलं, खिशात फार पैसे नाहीत, हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज आणि दुसऱ्या टोकाला चर्चच्या नावांची यादी नि फोन. त्यानं फोन उचलला. विचारलं काय, तर मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. मला तर सगळी गोष्ट या एका वाक्यातच दिसते, कारण मदत करायला नाही, स्वतःची गरज म्हणून तो दुसरा दारुडा शोधत होता.

सापडले ते डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. मदर्स डेच्या आदल्या दिवशी घरी झाडाची कुंडी घेऊन आले होते, कुंडी टेबलावर आणि डॉक्टर टेबलाखाली अशी अवस्था. १२ मेला संध्याकाळी पाचला भेट ठरली, डॉक्टरांची अट होती पंधरा मिनिटं, उठले रात्री अकरा वाजून गेल्यावर. बिलने उपदेश केला नाही, आपलीच दुर्दशा सांगितली, आणि डॉक्टर नंतर म्हणत की दारूबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलणारा पहिला माणूस मला हाच भेटला. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५, तीच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सावरायच्या संघटनेची, जन्मतारीख धरतात. दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्या १९३९च्या पुस्तकात आल्या, त्यातली पहिलीच, दारूपुढे आपलं काही चालत नाही ही कबुली. नाव न सांगणं आणि बाहेरच्या वादात न पडणं हे नियमही पुढे पक्के झाले, वॉशिंग्टोनियनवाले जिथे घसरले नेमकं तिथे.

आता लोक हे नाव न सांगण्याचंच विसरतात. ती कबुली बंद खोलीत होती, तसंच भोगलेल्या माणसांपुढे. सगळ्या जगापुढे लाइव्ह येऊन रडणं वेगळं, माझं मत.

आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, अवचटांचं गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनावरचं लेखन वाचून पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे दिले होते. तिथेही व्यसनातून स्वतः बाहेर पडलेली माणसं समुपदेशक म्हणून नव्या पेशंटसमोर बसतात, पांढऱ्या कोटापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जातं.

मी एकदा ओळखीच्या काकांबरोबर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या एका ओपन मीटिंगला, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा बैठकीला, गेलो होतो. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, गुडघे मावेनात. काका उठले, आडनावाशिवाय फक्त नाव सांगितलं, "मी मद्यपी आहे" म्हणाले आणि पुढे मिनिटभर काहीच नाही. कुणी बोला बोला म्हणालं नाही, शेजारच्याने फक्त चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.