गोव्यात वाड्यावरच्या (गावातल्या वस्तीतल्या) रस्त्यावर गाड्यांचा वेग आवरायचा आहे? अर्ज कुठे आणि कसा करायचा

रात्री सिमेंट कालवून घरासमोर उंचवटा बांधायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. फोंडा तालुक्यात असले उंचवटे मी कितीतरी पाहिले आहेत. करणाऱ्यांचा राग समजतो, पण तो उंचवटा बेकायदा असतो. त्यावर पांढरे पट्टे नसतात, आधी फलक नसतो, आणि पहाटे पोदेर (पाववाला) सायकलवरून येतो तेव्हा पहिला तोच आपटतो. रीतसर मार्ग लांबचा आहे, पण आहे.

अर्ज लिहिण्याआधी एकच गोष्ट शोधा: रस्ता कोणाचा? निम्मे अर्ज इथेच अडतात. आमचा पहिला अर्ज भलत्याच कार्यालयात दोन महिने पडून राहिला, कारण आम्ही पंचायतीचा समजत होतो तो रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा (साबांखा) निघाला. पंचायतीच्या सचिवांना किंवा साबांखाच्या रस्ते उपविभागातील सहाय्यक अभियंत्याला विचारले तर कळते. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती हक्काचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल, म्हणजे बाणस्तारी-म्हार्दोळवरून फोंड्याला जाणाऱ्या ७४८ सारखा, तर गतिरोधक मागूच नका. महामार्गावर ते बसवू नयेत असे केंद्राचे धोरण आहे. तिथे ओलांडण्याची सोय, पदपथ आणि सिग्नल मागा.

अर्ज कोणीही करू शकतो. त्यासाठी छापील नमुना लागत नाही, आणि मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. १९८७च्या राजभाषा कायद्यातच मराठीच्या वापराची तरतूद आहे. ग्रामसभेत ठराव मांडायचा असेल तर मात्र पंचायतीच्या मतदारयादीत नाव हवे. भाड्याने राहणाऱ्यांचे नाव बहुधा दुसरीकडे असते. त्यांनी वाहतूक पोलीस आणि जिल्हाधिकारी यांना थेट लिहावे, तोही अर्ज तितकाच वैध.

ठराव मात्र शक्य असेल तर घ्याच. सामान्य ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये होतात. विषय आधीच सचिवांकडे लेखी द्या, ऐनवेळी उठून बोललेले इतिवृत्तात येईलच असे नाही. पालिका क्षेत्रात असाल तर नगरसेवकामार्फत मुख्याधिकाऱ्यांकडे जा. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

अर्जाला जोडायची कागदपत्रे थोडीच असतात. रहिवाशांच्या सह्या, पत्त्यांसह. सर्व्हे नकाशाची प्रत, तिच्यावर शाळा, देऊळ, बसथांबा आणि वळण लाल पेनाने खूण केलेले. फोटो. पूर्वीच्या अपघातांची पोलीस नोंद असल्यास तिचा क्रमांक आणि तारीख. शाळा असेल तर मुख्याध्यापकांचे पत्र, त्याचे वजन पडते. पदपथासाठी कुणाचा गडगा (दगडी कुंपण) मागे घ्यावा लागणार असेल तर त्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि मालकाची लेखी संमती. जागा कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर कोमुनिदादचीही संमती. झाड तोडायचे असेल तर १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. माझे मत विचाराल तर झाड ठेवून पदपथ वळवायला सांगा, वेळही वाचतो आणि सावलीही राहते.

आता मुख्य मुद्दा: काय मागायचे? सगळे फक्त गतिरोधक मागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मूळ १९८८च्या मार्गदर्शिकेतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी न आदळता जावी असा. २०१८च्या सुधारित आवृत्तीत वेग आवरण्याचे इतरही उपाय सांगितले आहेत. उदाहरणार्थ, रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून केलेली ओलांडण्याची जागा, किंवा वळणावर कोपरा आत घेऊन रस्ता अरुंद करणे. रुंद, गुळगुळीत हॉटमिक्स (डांबरी रस्ता) दिसले की भाड्याची दुचाकी घेतलेला पर्यटक पिळतोच, फलकाकडे तो बघत नाही. पदपथ मागताना किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लिहा, विजेचे खांब सोडून. गटारावरच्या हलणाऱ्या फरशा म्हणजे पदपथ नव्हे. सायकलसाठी वाड्यावर वेगळा ट्रॅक बसत नाही, गाड्या हळू झाल्या की तोच रस्ता सायकलचा होतो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. अर्जात हे एक वाक्य टाका. भाषण नको.

गतिरोधक आणि फलकांसाठी अर्ज वाहतूक पोलिसांकडून फिरतो. ते जागेची पाहणी करून अहवाल देतात, मग जिल्हाधिकारी मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११६खाली अधिसूचना काढतात, ती राजपत्रात येते आणि साबांखा काम करते. पाहणीच्या दिवशी हजर राहा. शाळा सुटायच्या वेळी पाहणी व्हावी अशी विनंती करा, दुपारी तीनला रिकामा रस्ता बघून काय कळणार? कदंब बस (सरकारी बस), १०८ची रुग्णवाहिका आणि दुकानदारांचे पार्किंग, या तीन हरकती हमखास येतात. दुकानदारांशी आधीच बोलून ठेवा.

डांबराचे काम पावसाळ्यात होत नाही. मंजुरी जूनमध्ये आली तरी काम दिवाळीच्या आसपास धरा. आणि अधिसूचनेची प्रत जपून ठेवा: पुढच्या वेळी हॉटमिक्स घातले की गतिरोधक त्याखाली गडप होतो, पट्टेही जातात, आणि ते परत करून घ्यायला तोच कागद दाखवावा लागतो.