एंडगेमच्या गृहपाठाबद्दल: पालकांसाठी आणि मोठ्या विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

मुलाला आमच्या बुद्धिबळ वर्गात घातलं की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक प्रश्न हमखास येतो. "सर, ओपनिंग कधी सुरू करणार? शेजारच्या मुलाला सिसिलियन येतं, आमचा अजून एक राजा आणि एक प्यादं घेऊनच बसलाय." (ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, सिसिलियन ही त्यांतली एक पद्धत. एंडगेम म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, जेव्हा पटावर मोजक्याच सोंगट्या उरतात.) सात रस्त्याचे पालक विचारतात, जुळे सोलापूरचे विचारतात, रविवारी बार्शीहून मुलांना घेऊन येणारेही विचारतात. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या बॅचला येणारी मोठी मंडळी तर नाव नोंदवतानाच विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट लिहून देत आहोत. आणि त्यासोबत गृहपाठाबद्दलची एक कळकळीची विनंती, कारण आमचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

आधी विनंती. गृहपाठाला दिलेली पोझिशन, म्हणजे पटावरची मांडणी, मोबाईलवरच्या इंजिनला (चाली सुचवणाऱ्या ॲपला) दाखवू नका. निदान पटावर पूर्ण खेळून होईपर्यंत तरी नाही.

का, ते एका पोझिशनवरून सांगतो. घरात पट असेल तर मांडाच. घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं (पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच) आणि आकडा आडव्या रांगेचा (पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८). पांढरा राजा ई१ वर, पांढरं प्यादं ई२ वर, काळा राजा ई८ वर. बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची.

नवीन मूल बहुधा प्यादं उचलतं आणि दोन घरं पुढे, ई४ वर ठेवतं. प्याद्याचा वजीर करायचाय, मग प्यादंच पळवायचं, असा त्याचा साधा हिशोब. पण त्या एका चालीने जिंकलेला डाव बरोबरीत गेला. काळा राजा ई७, ई६ करत ई५ वर येतो आणि प्याद्यासमोर ठाण मांडतो. त्याला मागे रेटलं तरी तो योग्य घर धरून पुन्हा समोर येतो आणि शेवटी स्टेलमेट होतं, म्हणजे काळ्याला शह नसतो पण खेळायला एकही चाल उरत नाही, आणि डाव बरोबरीत सुटतो.

आता तीच पोझिशन पुन्हा मांडा आणि प्याद्याला हातच लावू नका. राजा डी२, मग ई३, मग ई४. काळा राजा कुठूनही आला तरी पांढरा राजा डी४, ई४ किंवा एफ४ यांपैकी एका घरावर पोचतोच, आणि ई२ वरच्या प्याद्यासाठी तेवढं पुरतं. पुढे दोन्ही राजे एकाच पट्टीवर समोरासमोर येतात, मधे एकच घर मोकळं राहतं. इथे ज्याच्यावर चाल येते त्याला बाजूला सरकावं लागतं. यालाच ऑपोझिशन म्हणतात. समजा पांढरा राजा ई५ वर, काळा ई७ वर आणि चाल पांढऱ्याची. प्यादं ई३ वर असेल तर ते ई४ करायचं. चाल काळ्यावर गेली, तो सरकला, डाव जिंकला. प्यादं आधीच ई४ वर येऊन बसलं असेल तर अशी राखीव चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. राजे त्याच घरांवर, प्याद्यात फरक एका घराचा, आणि निकाल वेगळा.

आता मोबाईलवर काय होतं ते पाहा. मूल ही पोझिशन ॲपवर मांडतं, ॲपने सुचवलेल्या चालीचा बाण डी२ कडे दिसतो, वहीत "राजा डी२, पांढरा जिंकतो" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं जातं. उत्तर बरोबर असतं. रविवारी आम्ही काळ्या राजाकडून बसतो आणि बाणाने दाखवली होती त्यापेक्षा वेगळी चाल करतो. दोन-तीन चाली बऱ्या जातात आणि मग हात प्याद्याकडे जातो. राखीव चाल गेली, डाव गेला. मुलाला वाटतं, आपल्याला येत होतं. आईवडिलांना वाटतं, वहीत तर सगळं बरोबर आहे. मग जे आठवड्यात घरी पक्कं व्हायला हवं होतं ते वर्गात पहिल्यापासून घ्यावं लागतं, आणि त्या दिवशीचा नवा भाग मागे पडतो.

इंजिनशी आमचं भांडण नाही. दोन्ही राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या पोझिशनांची उत्तरं संगणकाने काढून ठेवलेली आहेत, त्यांत चूक सापडायची नाही. आम्ही स्वतः ती वापरतो. पण स्पर्धेच्या पटावर बाण नसतो. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात बहुधा ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळतात; एंडगेम येईपर्यंत ती ९० मिनिटं बहुतेकांची संपलेली असतात आणि उरतात ते ३० सेकंद. तेवढ्यात सुचायला हवं असेल तर ती पोझिशन आधी हाताखालून गेलेली हवी.

म्हणून गृहपाठ असा करावा: समोर माणूस बसवावा. पांढऱ्याकडून खेळून झालं की बाजू बदलून काळ्याकडून खेळावं. काळ्याकडून खेळणं पालक फार वेळा गाळतात, पण बचाव कसा होतो हे कळल्याशिवाय तो मोडायचा कसा हे कळत नाही. चाली वहीत लिहाव्यात, चुकलेल्यासुद्धा. खरं तर चुकलेल्या आम्हाला जास्त हव्या असतात. सगळं झाल्यावर मग खुशाल इंजिन लावावं आणि डाव कुठल्या चालीला हातचा गेला ते शोधावं. खाडाखोड असलेली वही आम्हाला कोऱ्या-नेटक्या वहीपेक्षा कितीतरी उपयोगाची आहे.

"आम्हाला खेळता येत नाही" असं बरेच पालक सांगतात. या गृहपाठापुरता राजा एका वेळी एक घर चालतो एवढं माहीत असलं तरी पुरतं. समोर बसून वाटेल तसा राजा फिरवा; तुमच्या अनपेक्षित चालींचाच मुलाला फायदा होतो. आजी-आजोबा बसले तर उत्तमच, फक्त एका गोष्टीवर आधी बोलून घ्या. घरोघरी चालत आलेल्या देशी नियमांत प्यादं ज्या पट्टीवर शेवटच्या घरात पोचेल त्या पट्टीचं मोहरं मिळतं. काही घरांत मेलेलंच मोहरं परत मिळतं असं मानतात. स्पर्धेत तसं नाही. वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवं ते घेता येतं, पहिला वजीर पटावर असताना दुसराही.

आता ओपनिंगचं. आम्ही ते शिकवतच नाही, हा समज चुकीचा आहे. सोंगट्या लवकर बाहेर काढणं, मध्य धरणं, कॅसलिंग करणं (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) एवढं पहिल्यापासून घेतो. पाठ करायच्या चालींच्या लांबलचक लाइनी मात्र नंतर. लहान गटांत समोरचं मूल पाचव्या-सहाव्या चालीलाच पाठ केलेली वाट सोडतं आणि मग पाठांतर तिथेच अडकतं. राजा-प्याद्याचा एंडगेम मात्र कुठल्याही ओपनिंगमधून येऊ शकतो. १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेला कापाब्लांकादेखील एंडगेमचा अभ्यास सगळ्यांच्या आधी करावा याच मताचा होता. शिवाय मार्च २०२४ पासून फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) किमान रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १००० वरून १४०० झालं आहे. पहिल्या रेटिंगसाठी धडपडणाऱ्या मुलाचा जिंकलेला डाव बरोबरीत, अर्ध्या गुणावर सुटला तर ते परवडत नाही.

आणखी एक: एंडगेम येत असेल तर मधल्या डावातले निर्णयही बदलतात. हत्तीने हत्ती मारून मोकळं होऊ या, सोंगट्या कमी झाल्या की सोपं जाईल, असं वाटतं. मारामारीनंतर राजे-प्यादी उरली की राजाला कुठल्या घरापर्यंत पोचता येईल हे आधी मोजलं नसेल, तर सोपं वाटणारी ती मारामारीच डाव घालवते.

मोठ्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी. ते जाडजूड पुस्तक आणतात, पहिल्या पानापासून सुरू करतात आणि उंट-घोड्याच्या मातेपाशी अडतात. ती मात तूर्त बाजूला ठेवा, ती पटावर क्वचितच येते. हत्तीचे एंडगेम सतत येतात. त्यांतली फिलिडोरची बचावाची पोझिशन आणि लुसेनाची जिंकण्याची पोझिशन हातात बसली तरी तुमच्या खेळात फरक पडेल. फिलिडोरमध्ये समजा पांढरं प्यादं ई५ वर, त्याचा राजा डी५ वर, काळा राजा ई८ वर आणि दोघांकडे एकेक हत्ती. काळ्याने हत्ती सहाव्या रांगेवर धरून ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे शिरता येत नाही. प्यादं ई६ वर आलं की त्याच क्षणी हत्ती थेट पहिल्या रांगेवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं, कारण आता पांढऱ्या राजाला प्याद्याआड लपायला जागा नसते. घाबरून हत्ती आठव्या रांगेवर राजाशेजारी आणून बसवला की अशी बरोबरी हातची जाते. वाचायला हे दोन मिनिटांचं काम आहे. घड्याळ लावून, समोर जिंकायला बसलेला माणूस असताना बरोबरी राखणं वेगळं, आणि संध्याकाळच्या बॅचमध्ये आम्ही तेच करून घेतो.

एका बॅचला आठच जण का, असंही विचारतात. प्रत्येकासमोर निदान एकदा तरी आम्हाला स्वतः बसता यावं म्हणून. जास्त मुलं घेऊन शुल्क कमी करता येईल, पण मग भिंतीवर पडदा लावून उत्तरं दाखवण्यापलीकडे काही होणार नाही, आणि ते घरबसल्या फुकट मिळतं.

रविवार सकाळची एंडगेम बॅच आमच्या नियमित विद्यार्थ्यांना वेगळं शुल्क न देता खुली आहे. बाहेरच्यांना पहिला रविवार मोफत. येताना ही पोझिशन सोडवून आणा. ती १९२१ साली रिचर्ड रेटी यांनी रचली. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. चाल पांढऱ्याची, त्याने बरोबरी करायची आहे. काळ्याचं प्यादं पांढऱ्या राजाच्या आवाक्याबाहेर दिसतं आणि पांढऱ्याचं प्यादं काळा राजा सहज खाईल असं वाटतं. तरीही बरोबरी आहे. उत्तर इथे छापत नाही. वहीत तुमच्या चाली लिहून आणा, काळ्याकडून आम्ही बसू.

जानेवारीत सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वर्ग बंद असतो. त्या आठवड्याचा गृहपाठ आधीच्या रविवारी दिला जातो.